नायेलने बसवलेले शॉकअप

या कामात नायेल मिस्त्रीला सुटणार होते एकशे चाळीस दिनार. त्याचा खर्च? एक डबा काळा रंग.

हे ऐकीव नाही. ट्रकवाला मुफ्लेह माझा सख्खा मावसभाऊ. गेल्या मे महिन्यातला गुरुवार. जागा आमचं मआन गाव, नायेलचं गॅरेज. भर दुपार.

मुफ्लेहच्या ट्रकची केबिन बारीकशा खड्ड्यालाही उसळायची. केबिनखालचे चारही शॉकअप गेले होते. नायेलने नवे बसवले. निदान तसं सांगितलं. लहानपणापासूनची दोस्ती, मुफ्लेहने खोकंसुद्धा पाहायला मागितलं नाही.

शेवटचा नट आवळून दोघं चहाला बसले.

आणि केबिन... उजवीकडे दबली.

सावकाश. कुणी भारदस्त माणूस ड्रायव्हरच्या उजव्या हाताच्या सीटवर चढून बसावा तशी.

मुफ्लेहने दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

"नवा माल आहे, बसतोय," नायेल म्हणाला.

"बसताना उसासा टाकतो होय रे तुझा नवा माल?"

नायेल हसला नाही.

आमच्याकडे रीत आहे. काम केलं की पहिल्या उतारावर मिस्त्रीने शेजारी बसायचं.

"चल, नकबचा घाट उतरून येऊ."

"आज नको. घरी पाहुणे यायचेत."

"बायकोला घाबरतोस की स्वतःच्या कामाला? चढ!"

नायेलने पायरीवर पाय ठेवला... आणि थिजला.

रिकाम्या सीटला खोल खड्डा पडला होता.

"सुवैलिम..." तो पुटपुटला, "चुकलो रे."

सुवैलिम, या दोघांचा ट्रकवाला दोस्त, तीन महिन्यांपूर्वी त्याच घाटात ट्रकसकट गेला होता. जनाज्याला या दोघांनी खांदा दिला होता. त्याचा चेपलेला ट्रक गॅरेजमागे उभा होता. 'गिऱ्हाईक मिळेपर्यंत सांभाळ' म्हणून विधवेने नायेलवर सोपवलेला.

मुफ्लेहने वाकून शॉकअपवरचा रंग नखाने खरवडला. खाली गंज.

"मेलेल्याला काय उपयोग होता, भावा?" नायेल म्हणाला.

"आणि मी? मी जिवंत आहे ना अजून? रोज त्याच घाटातून जातो!"

नायेलने पैसे परत केले. सुवैलिमच्या ट्रकचे शॉकअप मुफ्लेहने त्याच्या विधवेच्या दारात नेऊन ठेवले, आणि अकाबात दुसऱ्याकडून नवे बसवून घेतले. या वेळी खोकं स्वतः फोडलं.

तरीही घाट लागला की... केबिन उजवीकडे दबते.

घाट संपला की वर येते.

"फसवलं नायेलने," मुफ्लेह मला विचारतो, "मग सुवैलिम माझ्याकडे का बसतो?"

मला एवढंच दिसतं, की नायेलचं गॅरेज मजेत चाललंय. मुफ्लेहची त्याच्याशी दोस्ती तुटली, आणि शेजारच्या सीटवर तो आता कुणालाच बसू देत नाही.