कॅमेऱ्यातला बिबट्या

चन्नबसप्पांना समाधी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लेक शिवगंगा निलंग्याहून लातूरला आली. खासगी तपास करणाऱ्या मंजुश्रीसमोर बसताच ती म्हणाली, "ताई, आप्पांना बिबट्यानं मारलं म्हणून राहिले सगळे. मला पटत न्हाई."

"का?"

"आप्पा उकाड्यानं शेतात, आखाड्याच्या खोपीबाहेर बाजेवर झोपायचे. येळवशीच्या सणाला, ऐन थंडीत बिबट्या दिसला होता, खरंय. पण नंतर कुणालाच दिसला न्हाई. आन् आप्पा शेत माझ्या नावावर करणार होते. हे घरात ठाव होतं, शेजारच्या रविकिरणलाबी."

मंजुश्रीचा सहकारी दयानंद हा निवृत्त हवालदार. तो म्हणाला, "पण बिबट्याचा फोटो निघालाय ना?"

"हाव. माझ्या चुलतभावाच्या, सोमेशच्या कॅमेऱ्यात."

दुपारी दोघं शेतावर पोहोचले. बाजेची सुंभं रक्तानं काळी पडली होती. तिथून फरफटल्याची खूण थेट उसात शिरली होती. आखाड्यात विळे, कुदळी धुळीनं माखलेल्या होत्या. लोखंडी दात्यांचं दाताळं तेवढं घासून लख्ख केलेलं.

"बांधावरून माझं भांडण होतं," रविकिरण न विचारताच म्हणाला. "पर त्या राती मी देगलूरला लग्नात होतो. अख्खं वऱ्हाड सांगंल."

दयानंदनं फोन लावून खात्री केली. रविकिरण खरं बोलत होता.

सोमेश तळहाताएवढं यंत्र घेऊन आला. "रानडुकरांसाठी झाडांना चार कॅमेरे बांधलेत, म्याडम. पुढून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. कार्ड काढून ह्यात घातलं की रानातच बघता येतं."

पडद्यावर बिबट्या होता. बांधावर उभा, रोखून बघणारा. त्याच्या तोंडापुढे पांढुरका पुंजका होता. दयानंदनं काच अंगठ्यानं पुसली, पण तो गेला नाही.

"फुफाटा उडाला असंल," सोमेश म्हणाला.

खालच्या काळ्या पट्टीत चन्नबसप्पा गेले त्याच रात्रीची तारीख होती. कोपऱ्यात ११ आणि पुढे बारीकशी खूण.

"हा कॅमेऱ्याचा नंबर का?" दयानंदनं विचारलं.

"हाव," सोमेश लगेच म्हणाला.

मंजुश्रीनं मागचे फोटो बघायचं बटण दाबलं. बिबट्याच्या आधीचा एकही फोटो नव्हता.

"कार्ड भरतं, म्हणून पुसून टाकतो," सोमेश म्हणाला. "हे सगळं मीच बघतो. दुसऱ्या कुणाला जमत न्हाई."

दिवस कलला तरी झळा थांबल्या नव्हत्या. मंजुश्रीनं सगळ्यांना आखाड्यापुढे बोलावलं.

"कॅमेरे चार, मग अकरा नंबर कुठून आला? ती बारीक खूण अंशाची आहे. हा कॅमेरा फोटोवर तापमानही छापतो. अकरा अंश. आणि त्याच रात्री आप्पा उकाड्यानं बाहेर झोपले होते?"

तिनं पडद्यावरच्या बिबट्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"तो पुंजका फुफाटा नाही, श्वासाची वाफ आहे. हा फोटो येळवशीच्या दिवसांतला आहे."

"पण तारीख?" दयानंद गोंधळला.

"तारीख माणूस भरतो, तापमान यंत्र मोजतं. थंडीत कॅमेरा लावताना सोमेशच्या हातून महिना चुकला. बिबट्या समोरून गेला आणि फोटोवर पुढे यायची तारीख उमटली. त्यानं चूक कुणाला सांगितली नाही. कार्ड जपून ठेवलं."

"कशासाठी?"

"फोटोवरच्या तारखेची रात्र यायची होती. मग दाताळ्यानं पंजासारखे घाव घातले, आणि सकाळी हेच कार्ड सगळ्यांपुढे धरलं." ती सोमेशकडे वळली. "पुसलेले फोटो परत काढता येतात. येळवशीला शेतात जेवायला बांधावरून गेलेली माणसं त्यात सापडतील, उन्हाळ्यातली तारीख घेऊन."

सोमेशनं हातातलं यंत्र बाजेवर ठेवलं.

"इतकी वर्षं शेत मी कसलं," तो म्हणाला. "लई वाट बघितली. काकांचं मन बदलंल, असं वाटायचं."

दयानंदनं त्याचा दंड धरला. शिवगंगा पुढे आली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"पाडव्याला माझ्या लेकराला खांद्यावर घेऊन गावभर हिंडलास. आप्पा मागून हसत येऊन राहिले होते. तवा तुला तारीख ठाव होती?"

सोमेशनं मान वर केली नाही.

"हाव, अक्का."