डाव्या बाजूचं बटण

ती गाडी गल्लीत वळली तीच मुळी बोंबलत.

दुपारची वेळ. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता, तो ब्रश हातात घेऊनच दारात आला. पायरीवरचं कुत्रं उठून पळालं. गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानाच्या ओट्यावर तारा सोलत बसलेली ती मात्र जागची हलली नाही. पक्कड खाली ठेवून तिने फक्त आवाज चढवला.

“अहो, हॉर्न वळायच्या आधी वाजवायचा असतो!”

“मी नाही वाजवत!” खिडकीतून एक घामाघूम चेहरा ओरडला. “ही आपली आपणच वाजतेय!”

“चाक सरळ करा.”

त्याने चाक सरळ केलं. हॉर्न बंद. गल्लीचा जीव भांड्यात पडला.

“डावीकडे वळलं की बोंबलते,” तो खाली उतरत म्हणाला. “म्हणून घरापासून उजवीकडेच वळत आलो. दहा मिनिटांचा रस्ता, पाऊण तास लागला. तुमच्या गल्लीत शिरायला मात्र डावीकडेच वळावं लागतं... आता काय करणार!”

गिऱ्हाइकाला हसायचं नाही, ही बाबांची शिकवण. पण गावभर उजवीकडे वळत फिरणारा हा माणूस डोळ्यांसमोर आला आणि तिला हसू आवरेना. तोही हसला. हसताना त्याचा एक दात किंचित तिरका दिसत होता.

गाडी त्याच्या अप्पांची. अप्पा मागच्या वर्षी गेले, आई ताईकडे राहायला गेली, आणि याची बदली झाली होती दूरच्या शहरात. सोमवारी रुजू व्हायचं होतं. गाडी घेणारा शनिवारी यायचा होता.

“हॉर्न दुरुस्त करा,” तो म्हणाला, “आणि डाव्या सीटसमोर एक जादा बटण आहे, ते काढून टाका. घेणारा म्हणाला, असलं काही नको.”

“डाव्या सीटसमोर? कशाचं बटण?”

“हॉर्नचंच. ते... आईचं होतं.”

तिने स्टिअरिंगच्या मधली टोपी उचकटली, स्प्रिंग काढली, मोठा नट सैल करून चाक उतरवलं. आतली तार हळूच बाहेर ओढली आणि तिचा हात थबकला.

तारेच्या जोडांवर निळा दोरा गुंडाळलेला होता. बाबा कधी चिकटपट्टी वापरायचे नाहीत. उन्हाने तिचा डिंक वितळतो म्हणायचे. दोरा गुंडाळायचा, वर वॉर्निशचा एक हात. असं काम साऱ्या गावात एकच माणूस करायचा, आणि त्या माणसाला जाऊन पाच वर्षं झाली होती. तिला एकदम भरून आलं. तिने तोंड फिरवून उगीचच टेस्टर शोधला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“हे माझ्या बाबांचं काम आहे.”

मग ती जोड निरखू लागली. जोड एकूण तीन होते. दोन अगदी नेटके. तिसऱ्यावरचा दोरा मात्र वेडावाकडा, पोराने बुटाची नाडी बांधावी तसा. तोच सुटला होता. चाक डावीकडे फिरलं की तार ताणायची, उघडी जागा लोखंडाला टेकायची, आणि हॉर्न वाजायचा. बटण दाबल्यावर तरी दुसरं काय होतं? तार लोखंडाला टेकते, इतकंच.

“आणि हा तिसरा...” ती पुटपुटली. “हा माझा आहे.”

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. बाबा म्हणाले होते, एक जोड तू कर. मागच्या सीटवर दात पडलेला एक मुलगा बसला होता, मांडीवर स्क्रू सांभाळत. त्याने विचारलं होतं, हिला येतं का? आणि तिने...

“तू मला जीभ दाखवली होतीस!” तो एकदम ओरडला.

समोर न्हाव्याचा हात पुन्हा थांबला.

“तू विचारलंसच तसं,” ती म्हणाली. ‘अहो’ केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

“म्हणजे बिघाड तुझाच. गॅरंटी आहे का?”

“वीस वर्षांची होती. गेल्या महिन्यात संपली.”

तिने जुना दोरा सोडवला, जोड नव्याने केला, कथलाचा डाग दिला, बाबांच्याच रिळातला निळा दोरा गुंडाळला. तो शेजारी स्टुलावर बसून बघत राहिला. बोलता बोलता बटणाची गोष्ट निघाली. अप्पांना कमी ऐकू यायला लागलं होतं. आई शेजारी बसून ‘हळू, हळू’ करायची, ते त्यांच्या कानापर्यंत पोचायचं नाही. म्हणून तिच्या बाबांनी आईसाठी वेगळं बटण बसवलं, वेगळा छोटा हॉर्न, बारीक आवाजाचा. तो तेवढा अप्पांना बरोबर ऐकू यायचा. एकदा दाबलं की ‘हळू’. दोनदा दाबलं की ‘थांबा, मला काहीतरी सांगायचंय’.

“आणि लांबलचक दाबलं की?”

“की अप्पा गाडी बाजूला घेऊन माफी मागायचे. कशाची ते विचारायचे नाहीत.”

ती खळखळून हसली. मग तिने अंगठ्याने त्या बटणावरची धूळ पुसली.

“हे मी आज नाही काढत,” ती म्हणाली. “शनिवारी बघू.”

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. या वेळी हॉर्न मुकाच. तिने पुन्हा टोपी उघडली, आत पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

“तार निघालीय.”

“अरे! कशी काय?”

“आपोआप निघाली असती तर टोक वाकलं असतं. ही कुणीतरी सरळ धरून उपसलीय. आणि टोपीवर चमच्याचे ओरखडे आहेत.”

त्याचे कान लाल झाले. “स्क्रूड्रायव्हर नव्हता घरी...”

“चहा प्यायला नुसतंच आला असतास तरी चाललं असतं.”

“खरंच?”

तिने पोऱ्याला हाक मारली. चहा दोन सांगितले, आणि पाच मिनिटांच्या कामाला तिला दोन तास लागले.

शनिवार उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊन. तो आला. आज कुणालाच थट्टा सुचेना. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, डाव्या सीटवर बसली, बटणाच्या स्क्रूला टोक लावलं... आणि उतरली.

“माझ्याच्याने होणार नाही. बाबांचं आहे, तुझ्या आईचं आहे. घेणाऱ्याला सांग, त्याचं त्याने काढावं.”

“बरं,” तो म्हणाला. ओठांशी आलेलं काहीतरी गिळून पुन्हा म्हणाला, “बरं... येतो मग.”

ती मान हलवत राहिली. थांब म्हणावं असं तिला फार वाटत होतं, पण कुठल्या हक्काने म्हणणार? तीन दिवसांची तर ओळख. वीस वर्षांचा तो जोड धरला तरीही.

गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि डावीकडे वळली. चकार आवाज न करता. आपलं काम चोख झाल्याचं दुःख तिला आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

ती पाठ फिरवून आत जाणार, तोच कोपऱ्यापलीकडून आवाज आला. बारीक. एकदा. आणि पुन्हा एकदा.

तो चाकावरचा हॉर्न नव्हता. तिला कानानेच कळलं.

ती पावसातून तशीच धावली, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. गाडी रस्त्याकडेला उभी होती. तो आपल्या सीटवरून आडवा होऊन डावीकडे झुकला होता, अंगठा अजून बटणावरच.

तिने दार उघडलं. “बोल.”

“मला गाडी विकायची नाहीये,” तो एका दमात सुटला. “बदलीला मी जाईन, पण दर शनिवारी येईन, आणि वर्षभरात इकडची बदली मागेन. आईला मी आजच सांगतो. ताईला उद्या. तू मला आवडतेस. त्या दिवशी जीभ दाखवलीस तेव्हापासून, असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल, तेव्हा मी रडलो होतो... बुधवारपासून आवडतेस. लग्न लगेच नको असेल तर—”

ती डाव्या सीटवर बसली. ओली ओढणी आत घेऊन तिने दार लावलं. मग हात पुढे करून बटण दाबलं.

एकदाच. हळू.

त्याचा तिरका दात पुन्हा दिसला. काचेवर पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यावर न्हावी गळ्यातल्या टॉवेलसकट गिऱ्हाइकाला घेऊन उभा होता.

आणि ती गाडीतून उतरली नाही.