उभा उजेड, आडवा उजेड

रेवूने नवा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि आई गायब झाली.

आवाज होता. "अगं, सरळ बस बघू, दाखव नीट," असं आई म्हणतच होती. पण टेबलावरच्या पडद्यात नुसता काळाकुट्ट चौकोन. रेवूने गॉगल काढला. आई आली. लावला. गेली.

"बाबा! आईकडचे दिवे गेले!"

"कुठे गेले? लख्ख दिसतेय की," बाबा स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाले.

आईचंही काहीतरी बिनसलंच होतं. "रेवू, तुझे डोळे कुठेत गं? तुझ्या तोंडावर मला दोन नारिंगी आरसे दिसतायत आणि दोन्हींत मीच! स्वतःचं तोंड बघायला फोन केला होय मी?" ती हसली, पण ते हसू शेवटी शेवटी जरा ओलं झालं. रेवूच्या कानांना ते बरोबर कळलं.

रेवूची आई समुद्रात राहत होती. खरंच. मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, बारा मीटर पाण्याखाली एक पाणघर बांधलं होतं. तिथे सहा जणं मिळून प्रवाळांची (इवल्या जिवांनी बांधलेल्या दगडी वसाहतींची) रोपवाटिका सांभाळत. एकदा खाली गेलं की दोन महिने मुक्काम. मनात आलं म्हणून वर येता येत नसे. पाण्याच्या दाबामुळे श्वासातला वायू रक्तात मुरतो, आणि माणूस झटकन वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे उठतात. म्हणून पोहत पोहत फार तर सहा मीटरवरच्या पिवळ्या दोरीपर्यंत यायचं, त्याच्या वर नाही.

त्या दोरीच्या वर घरच्यांची होडी न्यायला दोन महिन्यांत दोन रविवार मिळत. दहा-दहा मिनिटं. पहिला रविवार वाया गेला होता. पाण्यावर असा चकचकाट होता, की कुणीतरी समुद्रावर पत्रा ठोकलाय असं वाटावं. बाबांचा काळा गॉगल लावून पाहिला, तर पत्रा काळा झाला, एवढंच. शिवाय रेवूला उणे साडेतीन नंबर, त्यामुळे सगळं धूसर. संध्याकाळी आई म्हणाली होती, "मी हात हलवत होते गं. तुमच्या होडीचं बूड दिसत होतं मला."

बूड! रेवूला रात्रभर ते बूडच आठवत राहिलं होतं.

आता परवा दुसरा रविवार. तो हुकला की आई थेट वर येईल तेव्हाच दिसणार. आणि हा नवा गॉगल तर पडद्यावरची आईसुद्धा गिळून बसला होता.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच रेवू बाबांना ओढत पहिल्या रविवारची हकीकत सांगून जिथून हा गॉगल करून घेतला होता, त्या नेरूरकर काकूंच्या चष्म्याच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. आत भिंगरी होती. भिंगरी म्हणजे छताच्या रुळावरून इकडून तिकडे घरंगळणारी रोबो. दोन लांब हात, आणि डोळ्याच्या जागी एकच मोठं भिंग.

"काय, गॉगलने माणूस खाल्लं ना?" भिंगरीने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"या आठवड्यातली तिसरी तक्रार. एका तांडेलांना होडीतल्या पडद्यावरचा नकाशाच दिसेना. ते मला समुद्रात टाकणार होते."

"भिंगरे, पोरगी घाबरलीय. चेष्टा पुरे," काकू कुलुपांच्या किल्ल्या टांगत म्हणाल्या.

भिंगरीने घसा खाकरल्यासारखा आवाज काढला. तिला घसा नव्हता. "मासे ओळखतेस?"

"मी मालवणात राहते!" रेवू फणकारली.

"मग पापलेट पोहतं कसं?"

"उभं. ताट धुऊन उभं लावतात ना, तसं."

"आणि लेपा?"

"तो आडवाच. वाळूवर पोळीसारखा."

"शाब्बास. उजेड लहरींनी येतो. काही लहरी पापलेटासारख्या उभ्या डोलतात, काही लेप्यासारख्या आडव्या, बाकीच्या मधल्या कुठल्याही तिरक्या. सूर्याकडून निघतात तेव्हा सगळी सरमिसळ. पण तिरका उजेड पाण्यावर आपटून परत फिरला (याला परावर्तन म्हणतात), की त्यात बहुतेक लेपेच उरतात."

"म्हणजे तो पत्रा..."

"लेप्यांचा. आता तुझं भिंग. त्यात एक पातळ पापुद्रा आहे, उभ्या फटींच्या कुंपणासारखा. पापलेटं पार होतात, लेपे अडतात. उजेडाला असं एकाच दिशेत गाळून घेणं म्हणजे ध्रुवीकरण. म्हणून हे पोलराइज्ड भिंग. त्यातच तुझा नंबरही घातलाय."

रेवूने बराच वेळ विचार केला. "पण मग आईसुद्धा अडेल."

"निम्मीच. तिच्या अंगावरून येणारा उजेड सरमिसळीचा असतो. ती थोडी काळोखेल, पण दिसेल. बाबांच्या गॉगलने दोघांना सारखंच अडवलं, चकाकीला आणि आईला. त्यात कोण जिंकलं? चकाकीच."

"तरी मी म्हणत होतो, नुसतं काळं करून भागायचं नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी म्हणालात?" रेवू.

भिंगरीने काउंटरवरचा पडदा उभा धरला. गॉगलमधून तो काळा दिसला. मग तिने तो हळूहळू कलता केला, आणि काळ्यातून चित्र उजळत आलं. "पडद्याचा उजेड आधीच गाळलेला असतो. तुमच्या घरचा पडदा सगळे लेपेच सोडतो. तो फिरवून ठेव, आई येईल. नाहीतर स्वतःची मान कलती कर. कान खांद्याला टेकला की फटी आडव्या होतात."

रेवूने मान कलती करून पाहिली. खरंच की! तिला इतकं हलकं वाटलं की ती तशीच वाकड्या मानेने हसत राहिली.

मग ती गंभीर झाली. "हा नारिंगी आरसा काढता येतो का? आईला माझे डोळे दिसत नाहीत."

"त्याला मिरर कोटिंग म्हणतात. चकाकी गाळायचं काम त्याचं नाहीच. तो फक्त येणारा थोडा उजेड बाहेरच परत पाठवतो, डोळ्यांना आराम म्हणून. तुझंच भिंग आरशाशिवाय दुपारपर्यंत करून देते. बोल."

बाबांनी रेवूकडे पाहिलं. निवड तिची होती.

रेवू गॉगल हातात फिरवत बसली. उन्हाचा एक नारिंगी ठिपका काकूंच्या भिंतीवर चढला, छतावर गेला, भिंगरीच्या पोटावर आला.

"परत पाठवलेला उजेड जातो कुठे?" तिने विचारलं.

"आरसा वळवशील तिकडे."

"पाण्यातसुद्धा?"

भिंगरीचं भिंग आत-बाहेर झालं. "सूर्य फार वर नसताना, त्याच्याकडे तोंड करून हनुवटी जरा खाली घेतलीस, तर खाली जाईल. मात्र सूर्याकडे बघायचं नाही हं, पोलराइज्ड असलं तरी. आणि खालून तो दिसेलच असं मी सांगत नाही. हिशेब जमतो, पण समुद्र हलतो."

"मग आरसा राहू दे," रेवू म्हणाली.

रविवारी सकाळी साडेनऊला होडी पिवळ्या दोरीवर आली. सहा घरची माणसं काठाला लोंबकळली. "अरे, एका बाजूला जाऊ नका, उलटेल!" बाबा सुकाणूपाशी ओरडत होते.

रेवूने सरळ खाली पाहिलं. चकाकी पुरती जाईना. मग तिने नजर तिरकी, थोडी लांब टाकली, आणि कुणीतरी समुद्रावरची चादर ओढून घेतली. खाली हिरवं, स्वच्छ पाणी. पिवळी दोरी. दोरीला धरून सहा जणं. आणि डावीकडून दुसरी, पायांत पोहायचे निळे पंख चढवलेली, तिची आई.

आई हात हलवत होती. होडीच्या दुसऱ्या टोकाला. भलत्याच कुणाच्या तरी डोक्याकडे बघून.

खालून सगळी डोकी सारखीच, काळी काळी. आईला कळणार कसं? "आई! इकडे!" रेवू ओरडली, पण पाण्याखाली हाक कुठली पोचायला. दहातली चार मिनिटं सरली होती. रेवूने सूर्याकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि हनुवटी खाली घेतली. थोडी अजून. थोडी डावीकडे. मग पुन्हा वर. पुन्हा खाली.

तिने डोळे उघडून पाण्यात पाहिलं. आईचा हात हवेत थांबावा तसा पाण्यात थांबला होता. ती वळली. दोरीला धरून सरकत सरकत बरोबर रेवूच्या समोर आली, आणि तिने दोन्ही हात वर केले, तान्ह्या बाळाला घ्यायला करतात तसे.

रेवूनेही हात खाली केले. मध्ये सहा मीटर पाणी होतं.

मग इंजिन सुरू झालं. जाताना बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिने कान खांद्याला टेकवला. चकाकी परतली, आई पुसली गेली. पण आई तर अजून बघत असेल, वर, एकटीच. रेवूने मान ताठ केली. आई दोरीच्या अगदी टोकापर्यंत होडीमागून आली होती आणि तिथून हात हलवत होती. पाणी निळं होईपर्यंत रेवू बघत राहिली.

"अजून चौतीस दिवस," बाबा हळूच म्हणाले.

"तेहेतीस," रेवू म्हणाली. "आजचा धरू नका. आज ती भेटली."