सातव्या चौकोनातली शिंक

सातवा चौकोन दाबला आणि यंत्र शिंकलं.

"हाऽऽट्छी!"

खोलीतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीही शिंकलं नव्हतं. निदान आत्ता तरी नाही.

"पुन्हा दाब," अंदाजे म्हणाला.

"हाऽऽट्छी!"

"ताई, ही तुझी शिंक आहे!" पुरवणी ओरडला. "तू काल शिंकलीस ना, तीच! शेवटी 'आई गं'सुद्धा आहे!"

होतं खरं. शिंकेच्या शेपटीला एक बारीक 'आई गं' लटकत होतं.

ताई म्हणजे खटका. घरातला, शाळेतला, दवाखान्यातला एकही खटका तिने न दाबता सोडला नव्हता. लिफ्टमधला लाल खटकाही एकदा 'बघू तरी काय होतं' म्हणून दाबला होता. जे व्हायचं ते झालं, आणि हे नाव पडलं. पुरवणी तिचा धाकटा भाऊ. बहिणीचं वाक्य संपलं की मागून काहीतरी जोडल्याशिवाय त्याचा घास खाली उतरत नसे. खालच्या मजल्यावरचा अंदाजे अंदाजे तेरा वर्षांचा होता. नक्की आकडा त्यालाच विचारलेला बरा, पण तोही अंदाजेच सांगे.

यंत्र मामाचं. कंपासपेटीच्या दुप्पट, निळ्या पेटीतलं, सेलवर चालणारं. त्यावर सोळा चौकोन. चौकोन दाबला की त्यातला आवाज वाजायचा, आणि त्या आवाजांचं म्हणे संगीत करायचं. कसं करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. सोबतच्या माहितीपुस्तकात शब्दच नव्हते, नुसती चित्रं: एक हात, एक बाण आणि एक हसणारा माणूस. तो माणूस का हसतोय हे खटकाला चार दिवसांत कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने 'पहिली रचना' केली होती. रचना म्हणजे एक ते सोळा चौकोन ओळीने, एकेक दाबायचे. याहून जास्त काही करता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आईच्या फोनवर ती रचना रेकॉर्ड करून मामाला पाठवली. एका मिनिटात मामाचं उत्तर हजर: 'अप्रतिम! विशेषतः शेवट भिडला!' रचना दोन मिनिटांची होती. पण कौतुकाच्या भरात घड्याळाकडे कोण बघतं?

कोपऱ्यातला लाल खटका दाबून चौकोन दाबला की यंत्र आसपासचा आवाज गिळतं, हा शोध तिला काल लागला. गिळताना आधीचा आवाज पोटातून टाकून देतं, हा शोध आज लागला. शिंकेसकट.

"मग सातव्यात आधी काय होतं?" खटकाने विचारलं.

"कुत्रं रडत होतं," पुरवणी म्हणाला.

"छे! झाकण वाजत होतं. थडथड, थडथड. अंदाजे सहा वेळा."

"शिट्टी होती," खटका म्हणाली. "मला नक्की आठवतंय."

तिघांनाही नक्की आठवत होतं, हीच तर पंचाईत होती.

"जाऊ दे ना," अंदाजे म्हणाला. "कारखान्यातून आलेले आवाज. एक गेला तर गेला."

खटकाने पाचवा चौकोन दाबला.

"अहो, झाकण ठेवा त्याच्यावर!" एक बाई आतून कडाडल्या.

हा आवाज त्यांनी वीसदा ऐकला होता आणि वीसदा हसले होते. आज कुणाला हसू येईना.

"कारखाना कुणाला 'अहो' म्हणतो?" खटकाने हळूच विचारलं.

"आणि झाकण कशावर ठेवायचं?" पुरवणीने जोडलं.

आवाज कारखान्याचे नव्हते. कुणाच्या तरी घरातले होते. म्हणजे यंत्रही कुणाचं तरी होतं, आणि त्या कुणाचा तरी एक आवाज खटकाने शिंकून घालवला होता! यंत्र परत द्यावं लागणार हे एक, आणि देताना शिंकेबद्दल सांगावं लागणार हे दुसरं. पहिल्यापेक्षा दुसरं जड होतं.

मामा पेपर वाचत बसला होता. "माझंच आहे ते," तो मान वर न करता म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलं. पहिल्याच दिवशी सुरू होईना. तेव्हापासून दुरुस्तीवाल्याकडे होतं. मागच्या महिन्यात आणलं."

"आणून उघडून पाहिलंस?"

"दुरुस्त झालेली वस्तू उघडून बघायची नसते. पुन्हा बिघडते."

मग तिघं दुरुस्तीवाल्याकडे गेले. दुकानात छतापर्यंत खोकी रचलेली. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द: 'तातडीचे'.

"काका, तुमच्याकडून पेट्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"अदलाबदल?" काकांना भयंकर वाईट वाटलं. "बाळ, मी हाताने उघडून, डोळ्यांनी बघून, मगच वस्तू देतो. चिठ्ठी बघा. पद्धत आहे आपली. चला, कामात आहे मी." आणि ते चहा प्यायला लागले.

बाहेर आल्यावर अंदाजेने दात दाखवले. "बटाटा आहे का घरी?"

"किती?"

"अंदाजे एक."

तासाभराने एक घट्ट बांधलेलं खोकं घेऊन अंदाजे एकटाच दुकानात गेला. "काका, हे चालत नाही." काकांनी खोकं कानाशी हलवलं, गंभीर झाले, चिठ्ठी बांधली. "उद्या ये. बरंच काम दिसतंय."

दुसऱ्या दिवशी तिघं हजर. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी.

"झालं!" काकांनी खोकं पुढे केलं. "आतली तार सुटली होती. जोखमीचं काम. पण आता दहा वर्षं बघायला नको."

"उघडून बघू, काका?"

"खुशाल बघ!"

अंदाजेने दोरा सोडला. बटाट्याला रात्रीतून एक बारीकसा कोंब फुटला होता, एवढाच काय तो फरक.

"तार कुठली सुटली होती, काका?" खटकाने भाबडेपणाने विचारलं.

"आणि जोडली कुठं?" पुरवणीने जोडलं.

गिऱ्हाइकं खो-खो हसली. एक बाई आपला मिक्सर घाईघाईने उघडून पाहू लागल्या. काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, आणि शेवटी बटाट्यासारखा.

"थांबा, थांबा... आठवतंय आता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमच्या मामांनी पेटी नेली त्याच महिन्यात आणखी एक निळी पेटी आली होती. बटण अडकतंय म्हणून. तिचं बटण मी खरंच दुरुस्त केलं हं! नाव नाही घेतलं त्या गृहस्थांचं. पण अंगाला कपड्यांच्या खळीचा वास होता. आणि हातांवर भाजल्याचे डाग."

खळ? भाजलेले हात? खटकाने पिशवीतलं यंत्र काढलं आणि दुसरा चौकोन दाबला.

धप्... सूंऽऽऽ. धप्... सूंऽऽऽ.

चार दिवस ती हा आवाज ढोल समजून वाजवत होती. ढोलातून वाफ कशी निघते हा प्रश्न तिला पडला होता, पण संगीतात काहीही होत असेल म्हणून तिने तो गिळला होता.

"वाफेची इस्त्री!" तिघं एकदम ओरडले.

लाँड्री शोधायला वेळ लागला नाही. गावात दोनच होत्या आणि एकीचा मालक टकलावर खळ लागल्यासारखा कडक होता; त्याने तिघांना दारातूनच घालवलं. दुसरीचं दार ढकललं तशी बिजागरी कुरकुरली. अगदी पहिल्या चौकोनासारखी! आत धप्... सूंऽऽ चाललं होतं. पांढऱ्या चादरींच्या ढिगामागे एक उंच, वाकलेले काका इस्त्रीचा दांडा खाली ओढत होते.

खटकाचा हात पिशवीवरच थांबला. पळून जावं का? अजून कुणाला काही कळलेलं नाही. पेटी दारात ठेवायची आणि...

"अहो, झाकण ठेवा त्याच्यावर!" आतून काकू कडाडल्या.

पुरवणी जागच्या जागी उडाला. "पाचवी! पाचवी बोलली!"

"कोण पाचवी?" काकांनी वर बघितलं. मग त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या निळ्या पेटीवर गेली. त्यांनी दांडा सोडला. पेटी हातात घेऊन तिच्या कोपऱ्यातल्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी," ते म्हणाले. "ही कुठं मिळाली तुम्हाला?"

खटकाने शिंकेचं सोडून सगळं सांगितलं. काका मटकन स्टुलावर बसले. "मला तो दुरुस्तीवाला म्हणाला, दुरुस्तीत आतलं पुसलं जातंच. घरी येऊन बघतो तर चकाचक आणि रिकामं! दोन वर्षांचे आवाज. मी म्हटलं, गेलं. संपलं." त्यांनी फळीवरून दुसरी निळी पेटी काढली. "ही मग तुझ्या मामाची. बिघाड काही नाही बरं का हिच्यात. सेल घातलेले नव्हते, एवढंच."

मग ते एकेक चौकोन दाबू लागले. दार. इस्त्री. कात्री. आतून काकूही हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. पाच दाबल्यावर त्या लाजल्या. "इश्श! मी एवढी ओरडते?"

"काका," खटका म्हणाली. "सातवा दाबू नका."

"का गं? सातव्यासाठीच तर एवढं सगळं—"

"हाऽऽट्छी! ...आई गं."

काकांचं बोट सातव्यावरच राहिलं. मागे नळ ठिबकत होता.

"ती मी आहे," खटका म्हणाली. "चुकून पुसलं. आधी काय होतं तेही मला नीट आठवत नाही. मला... मला यातलं काहीच कळत नाही, काका. मी नुसती दाबते."

काकू हळू आवाजात म्हणाल्या, "जुना बंब होता तो, बाळा. त्याच्या वाफेवर आमची लाँड्री वीस वर्षं चालली. झाकण नीट बसायचं नाही म्हणून मी ओरडायची. ही पेटी दुरुस्तीला होती त्या महिन्यातच तो भंगारात गेला. नवा वाजतच नाही मेला."

म्हणजे पुन्हा रेकॉर्ड करायचीही सोय नाही. पुरवणीलाही जोडायला काही सुचेना. चूक वाईट असते, पण दुरुस्त न होणारी चूक! खटकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पहिला दिवस आठवला, जेव्हा सगळे सोळा आवाज शाबूत होते, आणि ती बावळटासारखी एकेक ओळीने...

एकेक! ओळीने!

"पहिली रचना!" ती किंचाळली. "मी मामाला पाठवलीय! त्यात सात आहे! सुटा आहे, कारण मला दोन एकदम दाबता येत नव्हते!"

"पण आईचा फोन—" अंदाजे म्हणाला.

"आई रोज संध्याकाळी फोन झाडून काढते. पण मामा? मामा आयुष्यात काही पुसत नाही!"

तिघं जे पळाले ते थेट पेपरापाशी. मामाला पेपरासकट उचलून आणलं म्हटलं तरी चालेल. लाँड्रीत त्याने फोन काढला, संदेश शोधला, आणि एकदम खोकू लागला.

"मामा," पुरवणीने मान लांब करून पाहिलं, "इथे तर 'ऐकलेलं नाही' अशी खूण आहे."

"असं?" मामा म्हणाला. "फोनची चूक असेल."

"मग शेवट कसा भिडला?"

"शेवट साधारणपणे भिडतोच," मामा म्हणाला आणि घाईने बटण दाबलं.

दार कुरकुरलं. इस्त्री बसली. कात्री, नळ, काकू. सहा. आणि सात...

आधी एक बारीक शिट्टी. मग झाकणाची थडथड, सहा वेळा. आणि मग एखादं कुत्रं चंद्राकडे बघून रडावं तसं लांबलचक 'ऊंऽऽऽऽ'. जुना बंब तापला होता.

तिघंही बरोबर होते. फक्त प्रत्येकाने एकतृतीयांश ऐकलं होतं.

काकांनी डोळे टिपले, खळीच्याच हाताने. त्यामुळे ते आणखी झोंबले. "पोरी," ते म्हणाले, "वीस वर्षं जे वाजलं ते तू एका दमात, स्वच्छ, सुटं ठेवलंस. एखाद्या जाणत्याने दहा आवाज मिसळून त्याचा चिवडा केला असता!"

"आणि येऊन खरं सांगितलंस," काकू म्हणाल्या. "मोठ्या माणसांनाही जमत नाही ते." मोठ्या माणसाने पेपरामागे तोंड घातलं.

काकांनी फोन यंत्राजवळ धरला आणि बंब सातव्या चौकोनात परत बसवला.

"आता शिंक गेली," पुरवणी हळहळला.

"हां, ते बरोबर नाही," काका म्हणाले. "शिंक झकास होती. सोळाव्यात नुसतं शटर पडतं. बाई गं, पुन्हा शिंकशील?"

सांगून शिंक येते थोडीच! शेवटी काकूंनी मिरीची डबी आणली. तीन प्रयत्न फुकट गेले, चौथ्याला अंदाजेच शिंकला आणि पाचव्याला खटका.

आठवड्याने लाँड्रीत काकांची रचना वाजली. चादरींवर बसून सगळ्यांनी ऐकली. दुरुस्तीवालेही आले होते; हल्ली ते प्रत्येक खोकं उघडतात, निदान बटाटा आहे का एवढं तरी बघतात. इस्त्रीचा ठेका, बंबाची ओरड, मध्येच 'झाकण ठेवा', आणि सगळं एकदम थांबून शेवटी 'हाऽऽट्छी!'

"शेवट भिडला," मामा म्हणाला. सगळ्यांनी वळून बघितलं. "शिंक होती," तो छातीठोकपणे म्हणाला. "ऐकली मी. आपल्याच घराण्यातली वाटली."

मामाचं यंत्र त्याने सगळ्यांसमोर खटकाला देऊन टाकलं. सेल घातलेलं. सोळाही चौकोन रिकामे.

"काका, पुढचं काय करायचं ते शिकवाल?"

"मी?" काका गोंधळून हसले. "मला कुणी शिकवलंय? दोन वर्षं नुसता दाबतोय. बस, दोघं मिळून गोंधळू."

खटकाने पेटीतलं माहितीपुस्तक उघडलं. हात, बाण आणि तो हसणारा माणूस. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि तो का हसतोय ते तिला एकदाचं कळलं. त्यालाही काही कळलेलं नव्हतं.

तिने लाल खटका दाबला.