मैना मध्येच का बोलली?

“घंटेचा नाद पुरता विरू दे, शालू. मगच आरती म्हण.”

आजोबांचं हे सांगणं शाल्मलीच्या कानात पक्कं बसलं होतं. आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते आणि रोजची पूजा कधी चुकवत नसत. घरी शाल्मली नेमाने थांबायची. शाळेत मात्र तिला ते कधी आठवलं नाही.

तिच्या चौथीच्या वर्गात मैना नावाची हातभर उंचीची यंत्रबाहुली होती. जूनमध्ये ती कोरी पाटी होऊन आली आणि मुलांचं पाहून पाहून शिकली. आज परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी यशोधनची होती. बोलताना तो अडखळायचा, पण बातमी त्याने स्वतः शोधली होती.

“आज चंद्रावर भेंडीला फूल आलं. तेही तिथल्या म... म...”

“मळ्यात,” मैनाने वाक्य पुरं केलं. टाळ्या झाल्या. यशोधन खाली बसला.

सुट्टीत तो वर्गशिक्षिका कुंदाबाईंना म्हणाला, “बाई, प... परिपाठातून माझं नाव काढा.”

ते ऐकून शाल्मली तरातरा मैनाकडे गेली. “आगाऊ कुठली. कुणी शिकवलं तुला हे?”

“तुम्ही,” मैना म्हणाली आणि तिने साठवलेले आवाज ऐकवले. यशोधन अडखळतोय आणि कुणीतरी त्याचा शब्द पुरा करतंय. पुन्हा. पुन्हा. सर्वांत जास्त वेळा आवाज होता शाल्मलीचा.

तिचा चेहरा उतरला. “मी मदत करत होते, बाई.”

“माहितेय गं बाळा.” कुंदाबाईंनी तिला जवळ घेतलं. “मैनाकडे यंत्रशिक्षण (उदाहरणांवरून स्वतःच नियम शोधणं) आहे. यशोधन थांबला की कुणीतरी बोलतं, हे तिने पाहिलं. त्यावरून नियम बांधला, की यालाच मदत म्हणतात.”

“मग पुसून टाका ना तो नियम.”

“पुसला तरी उद्या ती तुम्हालाच ऐकणार. तिला नवी उदाहरणं हवीत. आणि खरं सांगू? माणसंही अशीच शिकतात. वर्ग सगळ्यांचा आहे, हे भिंतीवर वाचून कुणी शिकत नाही. शेजारचा कसा वागतो, ते बघून माणूस शिकतो.”

शाल्मली मैदानात यशोधनशेजारी जाऊन बसली. “मळ्यात नव्हतं ना म्हणायचं तुला?”

“म... मातीत. चंद्राच्या मातीत फूल आलं. तीच तर ब... बातमी होती.”

एवढी मोठी बातमी वर्गाने ऐकलीच नव्हती.

“मी काय करू, सांग.”

“नुसती थ... थांब. आणि माझा श्वास अडकल्यासारखं ब... बघू नको.”

ती हसली. “थांबेन. तू उद्या पुन्हा सांगशील?”

यशोधनने पायाने वाळू उकरली. मग त्याने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी परिपाठात तो उभा राहिला. “भेंडीला फूल आलं, तेही चंद्राच्या म... म...”

मैनाच्या कपाळावरचा दिवा लुकलुकला. तिची मान शाल्मलीकडे वळली. शाल्मलीच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. तिने तो गिळला आणि हात जोडून, घंटेचा नाद ऐकावा तशी, ऐकत राहिली.