तीन दिवे आणि अर्धं उघडं दार

जांभळा दिवा लागला आणि दुकानातले आम्ही तिघंही एकदम वांग्याच्या रंगाचे दिसायला लागलो. काउंटरमागचे श्यामकांतकाका, मी आणि माझ्या शेजारी उभा असलेला एक अनोळखी मुलगा... केसांवर पावसाचे थेंब, हातात वायरचं भेंडोळं आणि ओठांत दाबून धरलेलं हसू.

"झाडांसाठी एकदम बेस्ट," काका म्हणाले. "सगळे हाच नेतात."

"झाडं नाहीत, काका. मशरूम आहेत. घरात लावलेत."

तो मुलगा माझ्याकडे वळला. "पण मशरूम तर अंधारात येतात ना?"

हा प्रश्न मला दिवसातून एकदा तरी ऐकावा लागतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. पण त्याने तो खरंच उत्तर हवं असल्यासारखा विचारला होता.

"अंधारात वाढतात," मी म्हणाले. "पण पिशवीतून बाहेर यायची वेळ झाली की थोडा उजेड लागतो. कुठल्या बाजूला वळायचं ते त्यांना त्यावरून कळतं."

"म्हणजे झाडांसारखा खायला नको. नुसता बघायला हवा."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. घरी मी हे सगळ्यांना समजावून थकले होते, आणि ह्याला एका वाक्यात कळलं होतं.

"मग हा जांभळा नको घेऊस," तो म्हणाला. पहिल्याच भेटीत सरळ अगं-तुगं. "ह्यात तुझी मशरूम पिवळी पडली की काळी, तुला दिसणार कसं? तुझा ड्रेस कुठला आहे, निळा?"

"हिरवा."

"बघ. मी शपथेवर निळा सांगितला असता."

काकांनी तोंड वाकडं करून दिवा बंद केला. ड्रेस पुन्हा हिरवा झाला, आणि तो मुलगा सावळा, हसरा... आणि जरा जास्तच बरा दिसायला लागला. नाव चंद्रप्रकाश. अंधेरीतल्या एका मालिकेच्या सेटवर लाईटचं काम करायचा.

"हे नाव आणि लाईटचं काम? काहीही."

"आजोबांचं नाव आहे. सेटवर सीपी म्हणतात." मग थोडं थांबून, "तू काहीही म्हण."

दुकानाबाहेर छत्र्या उघडता उघडता मी त्याला सगळं सांगून टाकलं. बोरिवलीच्या घरातली निलेशदादाची रिकामी खोली मी मशरूमसाठी घेतली होती. जुहूच्या एका हॉटेलचा शेफ माल घ्यायला तयार होता, पण पहिला माल त्याने परत पाठवला. लांबलचक दांडे आणि वर शर्टाच्या बटणाएवढ्या टोप्या. गणपतीला दादा आणि वहिनी बंगलोरहून कायमचे परत येणार होते. आईने स्पष्ट सांगितलं होतं: तोवर शेफने माल घेतला तर दादाची सोय हॉलमध्ये करू, नाहीतर पिशव्या उचल आणि पुन्हा ऑफिसची नोकरी बघ. आणि मला पुन्हा त्या ऑफिसात, त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

"दांडे लांब, म्हणजे बिचारे उजेड शोधत वर येत असणार," चंद्रप्रकाश म्हणाला. "तीन वेगवेगळे दिवे लावून बघूया का? सेटवरचे जुने आहेत माझ्याकडे."

"बघूया" म्हणाला. "बघ" नाही. घरी येईपर्यंत मी त्या एका शब्दावर खूश होते.

तो आला. एका मांडणीवर पिवळसर दिवा, दुसरीवर शुभ्र पांढरा, तिसरीवर निळसर. खोलीला मी प्लॅस्टिक लावून कडेकोट बंद केलं होतं. ओलावा टिकायला हवा, आणि वासावरून सोसायटीत कुणी कुरकुर करायला नको. पेंढ्याच्या पिशव्यांवर नुकते टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके फुटले होते. त्याने वाकून एकाकडे बोट दाखवलं...

"बोट दाखव नको रे!" आई दारातून ओरडली. "कुसतली ती."

तो दचकला. मी हसू आवरत त्याला समजावलं. कोवळ्या फळाकडे, कोवळ्या कशाहीकडे सरळ बोट दाखवायचं नाही, ते कुजतं. आमच्याकडे दुधीला, काकडीला दाखवत नाहीत, तसं आईने मशरूमनाही लागू केलं होतं. दाखवायचंच तर बोट दुमडून.

त्याने हसण्यावारी नेलं नाही. बोट नीट दुमडून पुन्हा दाखवलं. "असं?"

"हां, तसा," आई म्हणाली. स्वयंपाकघराकडे वळता वळता मला मात्र दटावून गेली, "दार उघडा ठेव गो."

माझे कान तापले. तो एकदम स्क्रू पिळण्यात गुंतला.

त्या आठवड्यात सेटवर रंगकाम निघालं आणि त्याला सुट्टी मिळाली. तो रोज यायला लागला. मशरूम बघायला... असं तो म्हणायचा. आम्ही दोघं दोन डबे पालथे घालून बसायचो आणि कुठला दिवा जिंकणार यावर भांडायचो. मी पांढऱ्याच्या बाजूने, तो निळ्याच्या.

"पिवळ्याच्या बाजूने कुणीच नाही, बिचारा," मी म्हणाले.

"पिवळ्यात माणसं छान दिसतात." तो मांडणीकडे बघत होता. "म्हणजे... मी बघितलंय. आत्ताच."

मी पाण्याचा फवारा त्याच्या तोंडावर मारला. आई हॉलमधून खाकरली. दार अर्थातच सताड उघडं होतं.

माल तयार झाला त्या सकाळी मी खोलीत उभी राहिले आणि मला रडू आलं. पिवळ्यात, पांढऱ्यात, निळ्यात... तिन्ही मांडण्यांवर तेच लांब दांडे, त्याच बारक्या टोप्या. चंद्रप्रकाश आला तेव्हा मी पिशव्या खाली उतरवायला घेतल्या होत्या.

"सॉरी," तो हळूच म्हणाला. "लाईटवाल्याला सगळीकडे लाईटचाच प्रॉब्लेम दिसतो. मी तुझे दिवस वाया घालवले."

"वाया नाही गेले," मी पटकन म्हणाले. आणि हे नक्की कशाबद्दल म्हणाले ते दोघांनाही कळलं.

तो मला मदत करायला लागला. एक पिशवी उचलून तो तसाच थांबला. "श्रुतिका, ही बघ. ही चांगली आहे."

खरंच होती. तळव्याएवढी रुंद टोपी, आखूड दांडा. पांढऱ्या दिव्याखालची. मी म्हणाले, बघ, पांढरा जिंकला. पण तशीच एक पिवळ्याखाली निघाली. एक निळ्याखालीही. तिन्ही मांडण्यांच्या एकाच टोकाला. दाराकडच्या.

आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे बघितलं.

"दिवा नाही," मी म्हणाले. "हवा. आत कोंडलेत ते. मी सगळ्या फटी बुजवल्यात, श्वास घ्यायला माना लांब करतायत बिचारे."

"पण दाराकडच्यांना हवा कशी मिळाली? तू तर दार बंदच ठेवतेस."

"मी एकटी असले की बंद." पुढचं सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागला. "तू आलास की आई उघडं ठेवायला लावते."

तो लाजला. एवढा उंच मुलगा, कानापर्यंत लाजला. आणि त्या क्षणी मला कळलं की आपली वाट लागली आहे, आणि मला ती लागायला हवी आहे.

आम्ही खिडकीत बाथरूमला लावतात तसला छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला. दाराखाली फट सोडली. पुढचा माल तिन्ही दिव्यांखाली भरघोस आला. पांढऱ्याखालचा थोडा जास्त गडद, जास्त टपोरा. शिवाय त्यात खरा रंग दिसतो. मी साधे पांढरे एलईडी घेतले, आणि शेफने मालाचा वास घेऊन म्हटलं की दर आठवड्याला पाठवा. आईने त्याच संध्याकाळी हॉलमध्ये दादाचा पलंग कुठे बसतो ते मापून बघितलं.

सगळं झकास झालं होतं. फक्त चंद्रप्रकाशला आता यायचं काही कारण उरलं नव्हतं.

तो दिवे परत न्यायला आला. काम करताना शॉक नको म्हणून त्याने खोलीचा मेन स्विच बंद केला. दिवे विझले, पंखा थांबला. खिडकीतून पावसाळी करडा उजेड तेवढा आत येत होता. त्याने तिन्ही दिवे उतरवून पिशवीत भरले आणि तसाच उभा राहिला.

"आता हवेसाठी पंखा आहे," तो म्हणाला. "माझी गरज नाही."

"पंखा भांडत नाही माझ्याशी," मी म्हणाले. "आणि मला... मला तू यायला हवा आहेस. कशासाठीही नाही. असाच."

त्याने हात वर केला, बोट नीट दुमडलं, आणि त्या दुमडलेल्या बोटाने आधी स्वतःकडे दाखवलं, मग माझ्याकडे.

"हे कोवळं आहे अजून," तो म्हणाला. "मला अजिबात रिस्क घ्यायची नाहीये."

मी त्याचं ते बोट तसंच मुठीत धरलं.

तेवढ्यात हॉलमधून आईचा आवाज आला. "श्रुती, दार लोटून घे गो. त्या फॅनाची घरघर हकडे ऐकाक येता."

आम्ही दोघांनी खिडकीकडे बघितलं. पंखा केव्हाचा बंद होता.