खांद्यावरचा हात

परळच्या एका लॅबमध्ये सुरुची रोज रक्ताच्या काचपट्ट्या तपासायची. एक पेशी वेडीवाकडी असली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. साहजिकच घरातले फोटो दुरुस्त करायचं खातंही तिच्याकडेच होतं. चिंचपोकळीच्या त्यांच्या चाळीतल्या कितीतरी ढेऱ्या, मुरुमं आणि दोरीवरचे लेंगे तिने बिनबोभाट नाहीसे केले होते.

आता सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो भिंतीवर लागायचा होता. काढला होता दिराने, राजसने. ओळीने सासूबाई, मग दिव्यांचं परातीएवढं तबक घेतलेली राजसची बायको ऋता, मग सुरुची आणि टोकाला तिचा नवरा अवधूत. सासूबाई ऋताकडे बघून तोंडभर हसत होत्या. कणकेचे पंचाहत्तर दिवे वळले होते सुरुचीने. पण चौदा वर्षांत ते हसू तिच्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. ऋताला या घरात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

रविवारी दुपारी सुरुचीने फोनवर फोटो उघडून ऋतावरून बोट फिरवलं. ऋता तबकासकट गेली. मग तिने स्वतःला उचलून त्या जागी ठेवलं. हसू आता तिच्यासाठी होतं.

"ऋता कुठाय?" अवधूतने विचारलं.

"तिचे डोळे मिटले होते."

"मग माझं पोटही मिटव की! आणि हे काय? तिचा हात राहिलाय तुझ्या खांद्यावर."

चार बोटं होती. अशा चुका दुसऱ्यांच्या होतात, सुरुचीच्या नव्हे. तिने ती पुसली.

सोमवारी बोटं परत आली होती. तिने पुन्हा पुसली. मंगळवारी अंगठाही दिसू लागला. बुधवारी तिने मोजपट्टी लावली. मानेपासून अंतर नऊ मिलिमीटर. गुरुवारी सहा.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंनी फोटो मागितला.

"हा नको गं. तिघांचा फोटो लावत नाहीत. मधला जातो."

"आई, काहीतरीच तुमचं."

"ऋताला काढलंस होय?" त्या रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. मग त्यांनी चष्मा चढवला. "थांब. चौघं आहेत की. हात दिसतोय."

"तो ऋताचाच. पुसायचा राहिलाय."

"ऋताचा? तिच्या हातात बांगड्या असतात."

सुरुचीने मूळ फोटो उघडला. ऋताला परत जागेवर आणायचं, विषय संपवायचा.

सासूबाई, ऋता, सुरुची, अवधूत.

अवधूतची हाताची घडी होती.

तबक जड होतं. ऋताने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

सुरुचीचा खांदा मोकळा होता.

तिने फोन पालथा ठेवला आणि भिंतीला पाठ लावून बसली.

"सुरुची," सासूबाई म्हणाल्या, "एकच खांदा असा पाडून का गं बसलीस?"